कोरियन चवीचे खिम्याचे गोळे: पार्टीसाठी पहिल्यांदाच करणाऱ्यांना

आमच्या इमारतीत तीन वर्षं एक कोरियन कुटुंब राहायला होतं. रांजणगाव-चाकणकडच्या कारखान्यांमुळे पुण्यात अशी बरीच कुटुंबं येतात, काही वर्षं राहतात आणि परत जातात. त्या घरच्या बाई माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. मी त्यांना नावाने नाही, 'ओन्नी' म्हणून हाक मारायची, हे त्यांनी ओळख झाली तेव्हाच सांगितलं. बाईने आपल्याहून मोठ्या बाईला मारायची ही हाक, आपल्या 'ताई'सारखी. हे गोळे मी ओन्नींच्या ओट्यापाशी उभी राहून शिकले, आणि नंतर आपल्या बाजारात मिळणाऱ्या जिन्नसांतून, आपल्या भांड्यांत बसवले.

टूथपिक टोचून बशीत मांडलेले, लाल चकचकीत सॉस लावलेले गोळे कोरियातल्या घरी सणावाराला होत नाहीत. सणाला होतात ते 'दोंगुरांगतेंग'. खिमा, टोफू, कांदा, गाजर एकत्र मळून चपटे, नाण्यासारखे गोळे करायचे, पिठात आणि मग फेटलेल्या अंड्यात बुडवून तव्यावर परतायचे. छुसक हा त्यांचा मोठा सण चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेला येतो. २०२५ साली तो आणि आपली कोजागिरी एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला होती. छुसकच्या सकाळी पूर्वजांसाठी ताट मांडतात. त्या तयारीत असे तव्यावर परतलेले प्रकार असतात आणि घरातल्या बायका आदल्या दिवशी तासन् तास ते परतत बसतात. आपल्याकडे पितृपक्षात वडे तळताना स्वयंपाकघराचं जे रूप असतं, तेच.

सॉस मात्र दुसरीकडून येतो. 'यांगन्यम चिकन' म्हणजे तळलेल्या कोंबडीला गोड-तिखट लाल सॉस चोळलेला प्रकार. कोरियात तो संध्याकाळी मित्रमंडळी जमली की मागवतात. सणाच्या गोळ्याचा मऊपणा आणि यांगन्यमचा सॉस एकत्र आणला की आपला पार्टीचा स्टार्टर तयार होतो.

पहिल्यांदा करणाऱ्याचं जे बिघडतं, त्यातलं बहुतेक सगळं पाण्यामुळे बिघडतं. टोफूत पाणी, कांद्यात पाणी, धुतलेल्या खिम्यात पाणी, आणि शेवटी पातळ राहिलेल्या सॉसमध्ये पाणी. म्हणून पाणी कुठे काढायचं आणि कुठे ठेवायचं यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे.

सामान

या मापात साधारण ३२ ते ३५ गोळे होतात. चमचा म्हणजे मापाचा चमचा: मोठा १५ मिलि, लहान ५ मिलि.

गोळ्यांसाठी:
चिकन खिमा ५०० ग्रॅम
घट्ट टोफू २०० ग्रॅम
मध्यम कांदा १
कांद्याची पात ४-५ काड्या
लसणीच्या पाकळ्या ५, आल्याचा लहान तुकडा
अंडं १
ब्रेडचा कोरडा चुरा ४ मोठे चमचे
सोया सॉस १ मोठा चमचा
भाजलेल्या तिळाचं तेल २ लहान चमचे
साखर १ लहान चमचा, मिरपूड अर्धा लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा

सॉससाठी:
गोचुजांग (कोरियन आंबवलेली लाल मिरचीची पेस्ट) ३ मोठे चमचे
टोमॅटो केचप २ मोठे चमचे
मध ३ मोठे चमचे
सोया सॉस १ मोठा चमचा
तांदळाचं किंवा साधं पांढरं व्हिनेगर १ मोठा चमचा
बारीक चिरलेल्या लसणीच्या पाकळ्या ४
पाणी पाऊण वाटी (साधारण १०० मिलि)
साधं तेल १ मोठा चमचा, भाजलेल्या तिळाचं तेल १ लहान चमचा

वरून घालायला भाजलेले पांढरे तीळ आणि पातीचा हिरवा भाग.

सॉसमध्ये मीठ लिहायचं राहिलेलं नाही. गोचुजांग, सोया सॉस आणि केचप तिन्ही खारट असतात. वेगळं मीठ घालू नका.

गोचुजांग

बाकी सगळ्याला पर्याय निघतो, याला नाही. पहिल्या वेळी मी काश्मिरी मिरचीची पूड, केचप आणि गूळ असं काहीतरी जमवून पाहिलं होतं. चव वाईट नव्हती, पण ती शेजवान चटणीच्या जवळची झाली. गोचुजांगमध्ये तिखट आणि गोड यांच्या खाली एक मुरलेली, खोल चव असते आणि ती आंबवण्यातून येते. शिजवलेल्या सोयाबीनच्या विटा करून त्या टांगून वाळवतात, त्यांना बुरशी आणि जिवाणू लागू देतात. त्याला 'मेजू' म्हणतात. या मेजूची पूड, लाल मिरचीची पूड, चिकट तांदूळ, मोड आणलेल्या जवाचं पीठ आणि मीठ हे सगळं एकत्र करून मातीच्या मोठ्या रांजणात भरतात आणि काही महिने उन्हा-वाऱ्यात मुरू देतात. हे रांजण घराच्या अंगणात एका ओट्यावर ओळीने मांडलेले असतात. लोणच्याच्या बरण्यांना आणि गच्चीवरच्या वाळवणाला ज्या घरात मान आहे, तिथे हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. दक्षिण कोरियाच्या नैर्ऋत्येकडचं सुंछांग हे गाव गोचुजांगसाठी प्रसिद्ध आहे, आणि 'जांग' म्हणजे सोयाबीनचे असे आंबवलेले पदार्थ करण्याची परंपरा डिसेंबर २०२४मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

मिरची त्यांचीही मूळची नाही, आपलीही नाही. अमेरिका खंडातून पोर्तुगीज जहाजांनी ती आशियात आणली. गोव्यात ती सोळाव्या शतकात उतरली, आणि कोरियात ती त्याच शतकाच्या शेवटी पोचली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. आज तिच्याशिवाय दोन्हीकडच्या स्वयंपाकाची कल्पना करता येत नाही. मला मात्र एका गोष्टीचं वाईट वाटतं. मराठवाड्यात, विदर्भात एवढं सोयाबीन पिकतं, पण ते तेलाच्या घाण्यात आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातं. त्याला मुरवून चव आणायची रीत आपल्याकडे रुजली नाही.

दुकानात गोचुजांग बहुतेक लाल डब्यात येतं. शेजारी तपकिरी डबा दिसेल, त्यात 'द्वेनजांग' म्हणजे न तिखटाची सोयाबीन पेस्ट असते. हिरव्या डब्यात 'सामजांग' असतं, पानात गुंडाळून खायच्या मांसाला लावायचं. घाईत डबा बदलू शकतो म्हणून नाव वाचून घ्या. डब्यावर तिखटपणाची पट्टी छापलेली असेल तर त्यावर पाच पायऱ्या असतात. पाहुण्यांत मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर मधली पायरी घ्या. पुणे-मुंबईत आयात मालाच्या दुकानांत आणि घरपोच किराणा देणाऱ्या ॲपवर ते सहज मिळतं. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवायचं आणि कोरड्या चमच्यानेच काढायचं. वरचा थर काळपट झाला तरी ते खराब झालेलं नसतं, हवेने रंग बदलतो.

दोन गोष्टी डब्याच्या मागच्या बाजूला वाचून घ्याव्यात. बऱ्याच गोचुजांगमध्ये गहू असतो, आणि काहींत टिकण्यासाठी थोडा अल्कोहोल घातलेला असतो. ज्या पाहुण्यांना यातलं काही चालत नाही, त्यांना आधी विचारा. शिवाय गोमांस घालून परतलेलं गोचुजांगही मिळतं, तेव्हा शाकाहारी पाहुण्यांसाठी हिरवा ठिपका बघूनच घ्या.

तिळाच्या तेलाबद्दलही इथेच सांगते. आपल्या घाण्याचं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं, फिकट आणि सौम्य असतं. कोरियन तेल खरपूस भाजलेल्या तिळांचं, गडद तपकिरी असतं आणि चमचाभर तेलाने घर दरवळतं. ते मिळालं नाही तर साधं तेल वापरा आणि दोन मोठे चमचे तीळ तिळगुळाला भाजतो तसे भाजून, जाडसर कुटून खिम्यात घाला. कोरियन घरांतही कुटलेले तीळ सर्रास वापरतात, त्यामुळे ही तडजोड वाटत नाही.

पायरी १: खिमा आणताना

मूळ गोळ्यांत गोमांस आणि डुकराचं मांस असतं. परदेशातल्या वाचकांनी दोन्ही निम्मं निम्मं घेतलं तर उत्तमच. आपल्याकडे मी चिकन वापरते, पण छातीच्या मांसाचं नाही. चिकनवाल्याला 'लेग बोनलेसचा खिमा' असं स्पष्ट सांगा. छातीचा खिमा शिजल्यावर कोरडा, भुशासारखा होतो.

आणि खिमा धुवायचा नाही. मला माहीत आहे, हे वाचून कितीतरी जणींचा हात अडखळेल, माझाही अडखळायचा. पण धुतलेला खिमा स्पंजसारखं पाणी धरून ठेवतो आणि चाळणीत कितीही वेळ ठेवला तरी सोडत नाही. कच्चं चिकन नळाखाली धुताना उडणारे शिंतोडे ओट्यावरच्या सगळ्या भांड्यांवर जातात, ते वेगळंच. मन मानत नसेल तर दुकानात खिमा करायच्या आधी अख्खे तुकडे स्वच्छ करून, पुसून घ्यायला सांगा. घरी मिक्सरवर करणार असाल तर तुकडे वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, नाहीतर खिम्याऐवजी पेस्ट होते.

मटणाचा खिमा घेणार असाल तर दोनदा काढलेला घ्या आणि एक मोठा चमचा किसलेलं नाशपती त्यात घाला. कोरियात मांस मुरवताना नाशपती घालतातच. त्याने गोडवा येतो आणि मांस मऊ होतं. नाशपती नसेल तर सफरचंद.

पायरी २: पाणी काढणं

ओन्नींनी पहिल्या दिवशी माझ्या हातात टोफू आणि एक फडकं दिलं. मी आपली हलक्या हाताने दाबत बसले. त्यांनी माझ्या हातातून पुरचुंडी घेतली, पीळ घातला आणि मनगटं पांढरी पडेपर्यंत पिळली. वाटीत निम्म्याहून जास्त पाणी जमलं.

श्रीखंडाचा चक्का बांधायचं मलमलचं फडकं घ्या. त्यात टोफू हाताने कुस्करून घाला, कडा गोळा करून पीळ द्या. चक्का टांगून निथळतो, टोफू मात्र टांगून भागत नाही, तो पिळावाच लागतो. २०० ग्रॅमचा टोफू पिळून १२० ते १३० ग्रॅमवर यायला हवा. बोटांत चोळला तर कोरड्या रव्यासारखा मोकळा व्हावा. घरात काटा असेल तर खरंच वजन करून बघा, कारण डोळ्यांना कळत नाही.

एवढी खटपट का? नुसत्या मांसाचा गोळा तापला की आकसतो आणि घट्ट होतो. मध्ये मध्ये टोफूचे कण असले की मांस एकमेकांना पूर्ण घट्ट धरू शकत नाही, म्हणून गोळा गार झाल्यावरही मऊ राहतो, आणि पार्टीत स्टार्टर शेवटी गारच खाल्लं जातं. पण ओला टोफू घातला तर तेच पाणी तव्यावर बाहेर येतं, गोळा भाजण्याऐवजी उकडतो आणि फुटतो. पनीर टोफूची जागा घेत नाही. पनीरमध्ये स्निग्धांश जास्त असतो आणि शिजल्यावर त्याचे कण कडक लागतात.

कांदा अगदी बारीक चिरा, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि त्याच फडक्यात पिळा. कांदाभजीसाठी हेच पाणी आपण जपून वापरतो, इथे ते टाकायचं. पातीचा पांढरा भाग बारीक चिरून तसाच घ्या.

पायरी ३: मळणं

मोठ्या परातीत आधी फक्त खिमा, मीठ, साखर आणि सोया सॉस घ्या. एका दिशेने दोन-तीन मिनिटं मळा. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात आणि खिमा चिकट, तारदार होतो. मग त्याचा मोठा गोळा हातात उचलून परातीत आपटा, आठ-दहा वेळा. खाली राहणाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आपटल्याने आतली हवा निघते आणि गोळा एकसंध होतो. पाश्चात्त्य पद्धतीच्या कृतींमध्ये मीटबॉल जास्त मळू नका असं लिहिलेलं असतं. ते तिथे बरोबर आहे, पण इथे मऊपणाची जबाबदारी टोफूवर आहे, म्हणून मांस निर्धास्त मळता येतं.

आता टोफू, कांदा, पात, किसलेलं आलं-लसूण, अंडं, ब्रेडचा चुरा, मिरपूड आणि तिळाचं तेल घाला. यानंतर फक्त एकजीव होईपर्यंतच कालवा. मिश्रण पुरणापेक्षा थोडं सैल आणि थालीपिठाच्या पिठापेक्षा चिकट असायला हवं. फार सैल वाटलं तर आणखी एक चमचा चुरा घाला. तिथेच थांबा, कारण चुरा वाढवत गेलात तर ब्रेडचा गोळा खाल्ल्यासारखं लागेल.

कोरियन भाषेत 'सोनमात' असा शब्द आहे. सोन म्हणजे हात, मात म्हणजे चव. 'तिच्या हाताला चव आहे' असं आपण म्हणतो, तेच. ओन्नींनी हा शब्द सांगितला तेव्हा मी त्यांना आपला शब्द सांगितला, आणि बराच वेळ आम्ही दोघी खिम्याने बरबटलेल्या हातांनी तशाच उभ्या होतो.

मिश्रण झाकून निदान अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. चुरा ओलावा शोषतो आणि गोळे वळायला सोपे जातात.

पायरी ४: एक गोळा आधी

सगळे वळण्याआधी एकच छोटा गोळा तव्यावर भाजून खा. कच्चा खिमा चाखता येत नाही, तेव्हा मीठ-मिरपूड कळायचा हा एकच मार्ग आहे. लक्षात ठेवा, वर खारट-गोड सॉस येणार आहे. म्हणून हा गोळा थोडा अळणी लागला तरच बरोबर. फुटला तर पाणी राहिलंय. एक चमचा कॉर्नफ्लोअर मिसळा.

पायरी ५: वळणं आणि भाजणं

हाताला तेल लावा. गोळा सुपारीपेक्षा मोठा आणि लिंबापेक्षा लहान, वजनात पंचवीस ग्रॅमच्या आसपास. एका घासात जायला हवा, कारण पार्टीत माणसाच्या एका हातात ग्लास असतो. सगळे सारखेच वळा. लहान-मोठे झाले तर लहान करपतात आणि मोठे आत कच्चे राहतात.

भाजायला आपल्या घरात सगळ्यात उत्तम भांडं आहे आप्पेपात्र. हे मला ओन्नींनी नाही, मी त्यांना दाखवलं, आणि परत जाताना त्या एक बिडाचं आप्पेपात्र घेऊन गेल्या. तव्यावर गोळा एका बाजूने चपटा होतो, कढईत तेल फार लागतं. आप्पेपात्रात तो गोलच राहतो आणि चमचाभर तेलात सगळीकडून तांबूस होतो. पात्र मध्यम आचेवर चांगलं तापू द्या, प्रत्येक खळग्यात थोडं तेल सोडा, गोळे ठेवा, झाकण ठेवून चार मिनिटं. काडीने उलटा, झाकण न ठेवता आणखी चार-पाच मिनिटं. पहिला घाणा चिकटला तर पात्र पुरेसं तापलेलं नव्हतं.

संख्या शंभरच्या घरात असेल तर ओव्हन बरा. २०० अंश सेल्सिअसला, कागद लावलेल्या ट्रेमध्ये, गोळ्यांना तेलाचा हात लावून १५ ते १८ मिनिटं. एअर फ्रायरमध्ये १९० अंशांवर १० ते १२ मिनिटं, मध्ये एकदा हलवून. यंत्रायंत्रात फरक असतो, म्हणून पहिला घाणा बघत राहा.

शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर आता फार महाग राहिलेला नाही. चिकनच्या गोळ्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस यायला हवेत, मटणाच्या किंवा डुकराच्या खिम्याला ७१. थर्मामीटर नसेल तर प्रत्येक घाण्यातला सगळ्यात मोठा गोळा मोडा. आत कुठेही गुलाबी नको, आणि दाबल्यावर येणारा रस स्वच्छ हवा.

पायरी ६: सॉस

इथे माझी एकदा मोठी चूक झाली होती. घरी पंचवीस माणसं यायची होती. मी सॉस पातळ ठेवला, सगळे गोळे त्यात सोडले आणि रश्श्यासारखं मंद आचेवर ठेवून दिलं. गोळ्यांनी पाणी पिऊन घेतलं, बाहेरचा तांबूस पापुद्रा सुटून सॉसमध्ये आला आणि टूथपिक टोचली की गोळा दुभंगायचा. लोकांनी वाटीत चमच्याने खाल्लं, कौतुकही केलं, पण मला जे करायचं होतं ते झालं नव्हतं. हा रस्सा नाही, हा पाक आहे. पाक वेगळा, पूर्ण आटवून करायचा, आणि गोळे त्यात फक्त घोळवायचे.

पसरट पातेल्यात एक मोठा चमचा साधं तेल घ्या, मंद आचेवर लसूण परता. सुगंध आला पाहिजे, रंग यायला नको. गोचुजांग घालून अर्धा मिनिट तेलात परता. तेल लाल होईल. इथे हात थांबवू नका, त्यात साखरेचा अंश असतो आणि ते बुडाला फार लवकर करपतं. केचप, मध, सोया सॉस आणि पाणी घाला. उकळी आली की आच मध्यम ठेवून चार-पाच मिनिटं ढवळत राहा.

पाणी इथे मुद्दाम घातलंय. त्यामुळे सगळं नीट विरघळून एकजीव व्हायला वेळ मिळतो, नंतर ते उडून जायचं आहे. सुरुवातीला बुडबुडे लहान आणि भराभर फुटतात. ते मोठे, आळशी व्हायला लागले की पाक होत आला. डाव मध्ये ओढा. पातेल्याचा तळ क्षणभर दिसून मग सॉस सावकाश मिटला तर गॅस बंद. गार होताना तो आणखी घट्ट होतो, म्हणून थोडा आधीच थांबा. कॉर्नफ्लोअर घालायची गरज नाही, गोचुजांगमधला चिकट तांदूळ ते काम करतो. व्हिनेगर आणि तिळाचं तेल गॅस बंद केल्यावर घाला, उकळलं की दोघांचाही वास उडून जातो.

चाखून बघा. आधी गोड, मग आंबट, आणि गिळल्यावर तिखट असा क्रम लागायला हवा. तिखट आधी येत असेल तर अर्धा चमचा मध वाढवा.

गोळे गरम, सॉस गरम. मोठ्या भांड्यात गोळ्यांवर दोन तृतीयांश सॉस ओता आणि भांडं धरून झोकून फिरवा, चमच्याने ढवळलं तर गोळे मोडतात. प्रत्येक गोळ्यावर पातळ चकचकीत थर बसला आणि बशीत तळाशी ओघळ साचला नाही, तर जमलं. उरलेला सॉस वाटीत शेजारी ठेवा, ज्यांना तिखट हवं ते बुडवून खातील. वर तीळ आणि पात घाला.

सोबत मुळा

कोरियात तळलेल्या चिकनबरोबर पांढऱ्या मुळ्याच्या आंबट-गोड फोडी देतातच. त्या नसतील तर चौथ्या गोळ्याला तोंड थकतं. ३०० ग्रॅम मुळा सोलून एक सेंटिमीटरच्या फोडी करा. अर्धी वाटी पाणी, अर्धी वाटी साखर आणि एक लहान चमचा मीठ एक उकळी येईपर्यंत तापवा, गॅस बंद करून अर्धी वाटी व्हिनेगर घाला, फोडींवर ओता. गार झालं की झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. मुळ्याचा उग्र वास फ्रीजभर होतो, म्हणून काचेची घट्ट झाकणाची बरणी घ्या.

शाकाहारी पाहुण्यांसाठी

४०० ग्रॅम टोफू तसाच पिळून घ्या. २०० ग्रॅम मश्रूम अगदी बारीक चिरून, मीठ घालून, सगळं पाणी आटून ते तपकिरी होईपर्यंत परता. गार झाल्यावर टोफू, कांदा, पात, आलं-लसूण, अर्धी वाटी ब्रेडचा चुरा, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि सोया सॉस घालून मळा. अंडं नको. हे गोळे ओव्हनपेक्षा आप्पेपात्रात चांगले होतात. हे आधी भाजा, सॉसही यांच्यासाठी आधी वेगळा काढून ठेवा आणि बशी, चिमटा, टूथपिक सगळं वेगळं ठेवा. शाकाहारी माणसाला पार्टीत 'हे त्याच कढईतलं आहे का' असं विचारायची वेळ येऊ नये.

किती आणि केव्हा

जेवण पुढे असेल तर माणशी चार-पाच गोळे पुरतात. वीस माणसांना ९० ते १००, म्हणजे वरच्या मापाच्या तिप्पट. सॉस तिप्पट करताना तो आटायला जास्त वेळ लागतो, पसरट पातेलं घ्या.

दोन दिवस आधी मुळा घालून ठेवा. आदल्या दिवशी गोळे पूर्ण भाजून, ट्रेमध्ये पसरून गार करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. सॉसही करून बाटलीत भरा. पार्टीच्या दिवशी गोळे १८० अंशांच्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटं किंवा पुन्हा आप्पेपात्रात, आत वाफ येईपर्यंत गरम करा. सॉस चमचाभर पाणी घालून पातळ करून तापवा. घोळवायचं काम पाहुणे आल्यावर, वाढायच्या दहा मिनिटं आधी. भाजलेले गोळे फ्रीझरमध्ये दोन महिने चांगले राहतात. आधी ट्रेवर सुटे गोठवून मग पिशवीत भरा, नाहीतर सगळ्यांचा एकच दगड होतो.

बशीत मांडलेले गोळे खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि मे महिन्यात गच्चीवर पार्टी असेल तर एका तासात आवरा. म्हणून सगळे एकदम मांडायचे नाहीत. तीस-तीसच्या बशा भरा, बाकी ओव्हनमध्ये गरम राहू द्या.

रात्री बशीत चार-सहा उरले आणि ते वेळेत फ्रीजमध्ये गेले असतील, तर दुसऱ्या दिवशी अर्धे कापून तव्यावर चांगले गरम करा. वाफाळत्या भातावर ते, एक अंड्याचं हाफ फ्राय, उरलेला सॉस आणि मुळ्याच्या फोडी. ओन्नींच्या घरी पार्टीनंतरच्या दुपारी हेच जेवण असायचं, आणि मला बोलावणं या जेवणाचंच यायचं.